गाडी विकली, नाव राहिले

जुन्या मोटारसायकलींच्या बाजाराला वेस नसते आणि पाटीही नसते. मोहोळसारख्या तालुक्याच्या गावात तो गॅरेजसमोर भरतो, चहाच्या टपरीपाशी भरतो, कचेरीत आलेल्या माणसांच्या गप्पांत भरतो. ‘कुणाची गाडी द्यायची आहे का?’ एवढ्या एका प्रश्नाने तो सुरू होतो आणि हातावर इसार टेकवला की उठतो.

पुणे-सोलापूर महामार्गावरचे हे गाव. इथूनच पंढरपूरकडे रस्ता फुटतो. कुरुल, कामती, पेनूर, अनगर, टाकळी सिकंदर अशा गावांतल्या माणसाला मोटारसायकल ही हौस राहिलेली नाही. दुधाचे कॅन, खताचे पोते, शाळेत सोडायची लेक आणि दवाखान्यात न्यायची आई, सारे तिच्याच पाठीवर. शिवाय अडीनडीला मोडता येणारी ती एक ठेव असते. घरातल्या बाईचे सोने गहाण टाकण्याआधी पुरुषाची नजर अंगणातल्या गाडीकडे जाते. म्हणूनच जुन्या गाडीला काय भाव येतो, हा प्रश्न सगळ्या घराचा असतो.

या भागाला जनावरांच्या व्यवहाराचे शहाणपण पिढीजात आहे. पंढरपूरच्या कार्तिकी यात्रेतला बाजार असो की सांगोल्याचा, खिलार बैल घेताना दात पाहायचे, चालवून पाहायचे, पाठीवर थाप मारायची आणि रुमालाखाली बोटे दाबून सौदा करायचा. गाडीचेही तसेच आहे. बैलाचे दात सहसा खोटे बोलत नाहीत. गाडीचा मीटर मात्र मागे फिरवता येतो. म्हणून जाणता माणूस मीटरकडे न बघता किकच्या आणि पायदानाच्या रबराकडे बघतो. मीटर वीस हजार किलोमीटर सांगतो आणि रबर झिजून गुळगुळीत झाले आहे, तर रबराचे ऐकावे. इंजिन थंड असताना गाडी सुरू करायला सांगावी; आधीच तापवून ठेवलेल्या गाडीचे दुखणे लपते. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळते आहे हे उघड.

एक काळ असा होता की जुनी गाडी नवीपेक्षा महाग मिळे. परवान्यांच्या राज्यात बजाजच्या स्कूटरसाठी नोंदणी करून लोक वर्षानुवर्षे थांबत, आणि ज्याचा नंबर लागला तो हाती आलेली गाडी जास्त पैशांनी दुसऱ्याला देई. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, त्याच सुमारास यामाहाची आरएक्स १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, आणि रांगा सरल्या. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. आज चांगल्या स्थितीतल्या त्या गाडीला, ती नवी असताना पडलेल्या किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजणारे हौशी भेटतात. पण तो हौसेचा भाव झाला. संसाराचा भाव स्प्लेंडरसारख्या गाडीला मिळतो. कारण तिचा सुटा भाग लहान गावातही मिळतो आणि तिचे इंजिन कोणत्याही मिस्त्रीला डोळे मिटून खोलता येते. घेणारा गाडीबरोबर हा निर्धास्तपणाही विकत घेत असतो.

किंमत उतरते कशी, याचा एक ठोकताळा विमा कंपन्यांकडे आहे. विम्यासाठी गाडीची किंमत धरताना एक वर्ष पुरे होईपर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २० टक्के, तीनपर्यंत ३० टक्के, चारपर्यंत ४० टक्के आणि पाचपर्यंत ५० टक्के घट धरतात. म्हणजे पाच वर्षांत गाडी निम्मी. शिवाय नवी घेताना भरलेला वाहनकर, नोंदणी आणि विम्याचे पैसे विकताना वेगळे म्हणून परत मिळत नाहीत. नव्याचा भाव हलला की जुन्याचाही हलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी घेणाऱ्याला दिवाळीआधीच दिवाळी झाली; पण ज्याला त्याच महिन्यात जुनी विकायची होती, त्याच्या गिऱ्हाइकाने साहजिकच हात आखडता घेतला.

आता ‘जुनी द्या, नवी न्या’ या योजनेचा हिशेब मांडू. समजा, शोरूमने तुमच्या जुन्या गाडीला ३२ हजार देऊ केले. बाहेर तिला ३० हजारच येतात. वरवर पाहता दोन हजारांचा फायदा. पण तीच शोरूम जुनी गाडी न देणाऱ्या गिऱ्हाइकाला नव्या गाडीवर पाच हजारांची सूट देत असेल, तर बाहेर विकून तुमच्या पदरी ३५ हजार पडले असते. म्हणून दोन आकडे नेहमी वेगवेगळे विचारावेत: नवीचा रोखीचा भाव काय, आणि जुनीचे किती? या उदाहरणात तीन हजारांचे नुकसान आहे. ते सोसण्यात काही वेळा शहाणपणही असते, पण एका अटीवर. शोरूमने जुनी गाडी खरोखर तुमच्या नावावरून उतरवून दिली पाहिजे.

कारण खरी मेख तिथेच आहे. आपल्याकडे गाडी विकली जाते आणि नाव मागे राहते. ‘टीटीवर सह्या करून दिल्यात, आता त्याचे तो बघेल,’ असे म्हणून आपण पैसे खिशात घालतो. घेणारा नाव चढवत नाही; तो सहा महिन्यांनी तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला. कोऱ्या सह्यांचा कागद हातोहात फिरत राहतो. एखाद्या रात्री अपघात होतो, विमा संपलेला असतो, आणि नुकसानभरपाईची नोटीस येते ती पहिल्या मालकाच्या दारात. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले. गाडी कितीही हातांत फिरली असली, तरी भरपाईच्या दाव्यात मालक तोच, ज्याचे नाव आरटीओच्या दप्तरी आहे. तीस हजारांना विकलेली गाडी अशी कित्येक लाखांना पडू शकते.

कायदा मात्र सोपा आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० आहेत. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायला नमुना ३५ लागतो. घेणाऱ्याने परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर बोजा, विमा आणि थकलेले दंड आधी पाहून घ्यावेत, आणि चॅसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी कागदाशी ताडावा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठीही नियम आले आहेत. अशा विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची ऑनलाइन नोंद झाली की जबाबदारी त्याच्याकडे जाते. मात्र तो खरोखर अधिकृत आहे का, हे विचारायला लाजू नये.

वडील गेल्यावर त्यांच्या नावावरची गाडी वर्षानुवर्षे तशीच चालवणारी घरेही थोडी नाहीत. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवले तर वारसाला तीन महिन्यांपर्यंत ती वापरता येते, आणि त्या मुदतीत नमुना ३१ भरून नाव बदलून घ्यायचे असते. हे राहून गेले की गाडी विकायच्या दिवशी भावाबहिणींच्या संमतिपत्रांसाठी धावाधाव होते, आणि घेणारा त्या अडचणीचेही पैसे कापतो.

आज रविवार आहे. कपाटातली जुन्या कागदांची पिशवी काढा आणि आपल्या घराने आजवर किती गाड्या विकल्या ते आठवा. त्यांतली एखादी अजून तुमच्या नावावर असेल, तर ती आज कुणाच्या दारात उभी आहे, हे उद्याच शोधायला लागा.