लाव्याचे रक्षण : अनेकांनी मिळून करावयाचे कार्य

उल्हास नदीच्या खोऱ्यात भातखाचरांच्या वरच्या अंगास गवताची वरकस जमीन असते. अंबरनाथ-बदलापूरच्या परिसरात अशा जमिनीवरून चालताना कधीकधी अगदी पायांजवळून लहान तपकिरी पक्ष्यांचा थवा भर्रकन उडतो आणि थोड्याच अंतरावर पुन्हा गवतात दिसेनासा होतो. हेच लावे होत.

लावा हा जमिनीवर राहणारा पक्षी आहे. गवताचे बी व सांडलेले धान्य हे त्याचे अन्न. पिलांना मात्र वाढीसाठी किडे लागतात. गवताच्या बुंध्याशी खळग्यात मादी अंडी घालते. रानलाव्याची मादी साधारणतः ४ ते ८ अंडी घालून ती १६ ते १८ दिवस उबविते. या अवधीत तेथील गवत कापले वा पेटविले गेल्यास सर्व वीण नष्ट होते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातील लाव्यांच्या शिकारीस मनाई आहे. परंतु केवळ शिकार थांबल्याने पक्ष्याचा निवारा वाचत नाही. १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी उल्हासनगर वसले. अंबरनाथ व बदलापूर येथेही कारखाने व वसाहती वाढल्या. गवताळ जमिनीस पडीक समजले गेल्याने प्रथम तीच घटली.

उरलेले गवतही एकाच्या हाती नाही. बांध शेतकऱ्याचा, गायरान ग्रामपंचायतीकडे, डोंगर वनखात्याचा. एकाने वणवा रोखला व दुसऱ्याने माळ पेटविला, तर पहिल्याचे श्रम वाया जातात. म्हणून शेतकऱ्याने गवत कापताना बांधालगतचा पट्टा राखावा आणि राब भाजण्यापूर्वी भोवतालचे गवत साफ करावे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये ग्रामपंचायती व नगरपालिका यांच्या जैवविविधता समित्या असतात. त्यांच्या लोकनोंदवहीत लाव्यांच्या जागा नोंदवाव्यात.

अमेरिकेत बॉबव्हाइट जातीचे लावे घटले, तेव्हा २००२ साली अनेक राज्यांनी मिळून योजना आखली. शेताच्या कडेस देशी गवत राखणाऱ्या शेतकऱ्यांना २००४ पासून तेथे सरकारी मोबदलाही मिळू लागला. शेतकऱ्याच्या सहकार्यावाचून हे कार्य होत नाही, हे तेथेही ओळखले गेले.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील गवताच्या जागांचा नकाशा करवून घ्यावा व लावे कोठे, कोणत्या महिन्यात दिसले, हे त्यात नोंदवावे. घरट्यास हात लावू देऊ नये. असा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवल्यास कोणते गवत राखावयाचे, हे सर्वांस एकत्र बसून ठरविता येईल.