हर्णैचे हिवाळी वाटेकरी

दापोलीहून पंधरा-सोळा किलोमीटरचा घाट उतरला की हर्णै बंदर आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग आणि दीपस्तंभ, मधल्या वाळूवर मासळीचा लिलाव. होड्या पाण्यातच थांबतात आणि मासळी आणायला बैलगाड्या सरळ लाटांत शिरतात. नोव्हेंबर उजाडला की या बाजारात एक बोली न लावणारं गिऱ्हाईक येतं. सगळे त्याला सीगल म्हणतात. कुरव हे त्याचं मराठी नाव पुस्तकांतच राहिलंय.

त्यातल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाला नावावरून शोधायला जाल तर फसाल. हिवाळ्यात त्याचं डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे काजळाचं बोट पुसल्यासारखा डाग तेवढा. चोच आणि पाय लाल, पंखांची टोकं काळी, त्या काळ्यात पांढरे ठिपके. बुबुळ फिकट असेल तर पूर्ण वाढलेला पक्षी हाच. गडद असेल तर बहुधा त्याचा चुलतभाऊ, काळ्या डोक्याचा. याचं माहेर लडाख-तिबेटकडच्या सरोवरांकाठी, त्सो मोरीरीसारख्या साडेचार हजार मीटर उंचीवरच्या पाण्याशी. ती सरोवरं गोठू लागली की हा खाऱ्या पाण्यावर उतरतो.

बंदरात प्रत्येकाची जागा ठरलेली. टोपल्यांवर कावळे नि घारी टपलेल्या, कुरव मात्र पाण्याच्या कडेला. जाळी झाडताना पडणारी बारीक मासळी, कापलेल्या माशाची आतडी, हे त्यांच्या वाट्याचं. बंदराची फुकटची साफसफाईच ही. भावात गुंतलेल्या कोळणीची मान त्यांच्याकडे वळत नाही. एवढ्या जवळ बसणाऱ्या पक्ष्याला यापेक्षा मोठा विश्वास काय हवा?

खरी गडबड शेजारच्या वाळूवर, मुरुड-कर्दे-आंजर्ल्याकडे. थवा ओल्या वाळूत वाऱ्याकडे तोंड करून शांत बसलेला असतो. पाहुण्याला तो बसलेला नको असतो, उडालेला हवा असतो. मग कुणी पोराला थव्यात सोडतं, कुणी वाळूवरून गाडी घालतं. व्हिडिओ छान येतो, नाही असं नाही. पण असा थवा सकाळभरात कितीदा उठवला जातो ते एकदा मोजत बसा. पोट भरून विसावायच्या वेळी त्याची ताकद फुकट जाते, आणि परतीची मजल हिमालयापलीकडची आहे. वेफर्स-कुरकुरे फेकणाऱ्यांचंही तेच. पक्षी झेपावून खातो, म्हणून ते त्याचं अन्न होत नाही.

बघायचंच असेल तर भरती उतरताना वाळूवर लांब बसावं. आपण हललो नाही की तेच चालत जवळ येतात.

फेब्रुवारी संपता संपता एखाद्याचं डोकं तपकिरी होऊ लागतं आणि पुस्तकातलं नाव पटतं. मग काही दिवसांत थवा विरळ होतो. 1 जूनला मासेमारी बंद होऊन होड्या वाळूवर ओढल्या जातात, झापांनी शाकारल्या जातात, तेव्हा तिकडे उंचावरच्या सरोवरांकाठी यांचा अंडी उबवण्याचा हंगाम सुरू असतो.