लेकराच्या जिवाशी खेळ : कायदा कोणाला पकडतो?

सोनारीच्या वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की एक प्रश्न हमखास येतो, तोही बैठक उठल्यावर, हळू आवाजात. "सिस्टर, लेकराला पोळलंय. दवाखान्यात नेलं तर आमच्यावरच केस होईल का?" या भीतीने आया लेकरू दोन-दोन दिवस घरात ठेवतात. म्हणून या वेळी औषधाबरोबर कायद्याबद्दलही लिहितो आहोत.

हे पोळणं बहुतेक वेळा बिब्ब्याचं असतं. पोट फुगलं, बाळ रडायचं थांबेना, की बेंबीभोवती बिब्बा लावायचा. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. मोठ्या माणसालाही फोड येतात, तान्ह्याची कातडी तर फार नाजूक. जखम चिघळली की जंतू रक्तात उतरतात. शिवाय पोट फुगण्याचं मूळ कारण तसंच राहतं. आतड्याला अडथळा असेल, जंतुसंसर्ग असेल, त्यातले मोलाचे तास निघून जातात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटातल्या सिमोरी गावात पोटफुगीवरचा उपाय म्हणून २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने ६५ चटके दिले गेले. बाळाला अमरावतीच्या रुग्णालयात हलवावं लागलं, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. ती बातमी वाचून आपल्याकडचे काहीजण 'आदिवासी अडाणीच' म्हणून मोकळे झाले. आम्हाला हे पटत नाही. विळा आणि बिब्बा यांत फरक तो काय? दवाखाना लांब आणि भगत शेजारी, हे तिकडे खरं आहे तसं ऊसतोडीच्या फडावरही खरं आहे.

आता कायदा. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ सांगतं : मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारहाण केली, टाकून दिलं किंवा जाणूनबुजून हेळसांड केली आणि त्यातून मुलाला विनाकारण त्रास होण्याची शक्यता असली, तर ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या क्रूरतेने मूल अपंग झालं किंवा जिवावर बेतलं, तर किमान ३ आणि कमाल १० वर्षे सक्तमजुरी.

'जाणूनबुजून' हा शब्द नीट वाचा. फडाच्या कडेला साडीच्या झोळीत लेकरू ठेवून कोयता हाती घेणारी आई त्यात बसत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. उचल फिटली नाही म्हणून तापाने फणफणलेलं पोर दवाखान्यात नेऊ न देणाऱ्या मुकादमाला मात्र जाब विचारायला हवा. बाळंतिणीला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, ही भूमिका बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडली होती. फडावर अजून पाळणाघराचा पत्ता नाही.

बारा वर्षांखालचं मूल आईबापाने कायमचं टाकून दिलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ प्रमाणे ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण मूल सांभाळणं अशक्यच असेल, तर बाल कल्याण समितीपुढे ते रीतसर सोपवता येतं आणि फेरविचाराला २ महिने मिळतात. ही वाट माहीत नसल्यामुळे काटेरी झुडपात अर्भकं सापडतात.

मिश्रीचंही सांगायला हवं. दात दुखतो म्हणून पोराच्या हिरडीला मिश्री लावणं घरोघरी चालतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला कलम ७७ नुसार ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. आज्जीला कोणी तुरुंगात घालावं असं आम्ही म्हणत नाही, पण डबी लेकरापासून लांब ठेवा.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली आलेला जादूटोणाविरोधी कायदा तर थेट भगताला पकडतो. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र-गंडादोरा करणाऱ्याला ६ महिने ते ७ वर्षे कैद आहे. सोनारीत माकडं भरपूर. माकड चावलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.

एक अडचणही सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीने बाल न्याय अधिनियमातले ३ ते ७ वर्षे शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र झाले. ठाण्यात 'कोर्टात जा' असं उत्तर मिळू शकतं. ही दुरुस्ती आम्हाला चुकीची वाटते. अशा वेळी १०९८ वर फोन करा, बाल कल्याण समितीकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

राहिला वस्तीतला तो प्रश्न. भाजलेलं मूल नेलं की दवाखाना पोलिसांना कळवू शकतो. ती नोंद असते, शिक्षा नव्हे. उपचार त्यासाठी थांबत नाहीत. बाळ दूध ओढत नसेल, पोट टम्म असेल, उलटी हिरवी असेल, तर १०८ ला फोन लावा. काय लावलं होतं, कधी लावलं होतं, ते डॉक्टरांना खरं सांगा. बिब्बा असेल तर बिब्बा म्हणा.