टायगर १३१ : एका रणगाड्याची प्रतिकृती

दुसऱ्या महायुद्धातील रणगाड्याची लहान प्रतिकृती तयार करणे म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग चिकटवून त्यांवर रंग देणे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात चांगली प्रतिकृती हे एका विशिष्ट वाहनाविषयी आणि त्याच्या आयुष्यातील एका विशिष्ट काळाविषयी केलेले विधान असते, आणि ते खरे ठरावे यासाठी करणाऱ्याला कटर हाती घेण्यापूर्वी बरेच वाचावे व पाहावे लागते. जर्मन सैन्याच्या टायगर रणगाड्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९४२ ते १९४४ या दोन वर्षांत सुमारे १,३५० टायगर तयार झाले. परंतु उत्पादन चालू असतानाच त्यांच्या रचनेत सतत बदल होत गेल्यामुळे कोणत्याही काळाला लागू पडेल असा सर्वसाधारण टायगर कधी अस्तित्वातच नव्हता.

या गाड्यांपैकी आज सर्वांत प्रसिद्ध असलेली गाडी इंग्लंडमधील बोव्हिंग्टन येथील रणगाडा संग्रहालयात आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये कासेल येथील हेन्शेल कारखान्यात ती तयार झाली, काही आठवड्यांत ट्युनिशियाच्या आघाडीवर पोहोचली, आणि एप्रिलमध्ये ब्रिटिशांच्या चर्चिल रणगाड्यांशी झालेल्या चकमकीत एका गोळ्यामुळे तिचा बुरूज, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, अडकून बसल्यावर चालकदल तिला सोडून निघून गेले. बुरुजावर रंगवलेल्या १३१ या आकड्यावरून ती ओळखली जाते. पहिल्या कंपनीच्या तिसऱ्या तुकडीतील पहिली गाडी, असा त्या आकड्याचा अर्थ आहे. दुरुस्तीनंतर ती आजही स्वतःच्या बळावर चालते आणि २०१४ च्या ‘फ्युरी’ या चित्रपटात दिसलेला टायगर हाच होता.

गाडी आणि काळ असा एकदा ठरला की पुढचे बहुतेक निर्णय त्यातूनच निघतात. लोहचुंबकाने चिकटणारे सुरुंग लावता येऊ नयेत म्हणून जर्मन रणगाड्यांवर झिमेरिट नावाचा खडबडीत लेप दिला जाऊ लागला तो १९४३ च्या उत्तरार्धात, त्यामुळे ट्युनिशियातील टायगरवर तो दाखवणे ही उघड चूक ठरते. बुरुजावरील कमांडरचा टेहळणी मनोरा सुरुवातीच्या गाड्यांत उंच पिंपासारखा होता, नंतर तो बुटका झाला. चाकांच्या कडेला रबर होते, ते १९४४ मध्ये जाऊन पूर्ण पोलादी चाके आली. खोक्यातील माहितीपत्रकात हे सारे सांगितलेले असतेच असे नाही. एकाच खोक्यात दोन-तीन काळांचे भाग दिलेले असतात आणि निवड करणाऱ्यावर सोपवलेली असते, म्हणून जुन्या छायाचित्रांचा अभ्यास हा या कामाचा पूर्वार्धच मानावा लागतो.

रणगाड्यांच्या प्रतिकृतींत सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण १:३५, म्हणजे मूळ वाहनाच्या पस्तिसाव्या भागाएवढे. साडेआठ मीटरांच्या आसपास लांबीचा टायगर या प्रमाणात तोफेच्या नळीसह सुमारे २४ सेंटिमीटरांचा होतो आणि त्याचे समोरचे १०० मिलिमीटर जाडीचे चिलखत तीन मिलिमीटरांहूनही पातळ भरते. ३५ या आकड्यामागे कोणतेही गणिती तत्त्व नाही. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याची मोटारीवर चालणारी प्रतिकृती काढली तेव्हा आतमध्ये मोटार व बॅटऱ्या मावतील एवढा आकार ठेवला होता. तो पस्तिसाव्या भागाच्या जवळपास भरतो हे पुढे मोजल्यावर ध्यानात आले, आणि खेळण्याच्या सोयीतून निघालेले हे प्रमाण पुढे इतर उत्पादकांनीही स्वीकारले.

जोडणीचे तंत्र फारसे गूढ नाही. पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे भाग चौकटींना जोडलेल्या अवस्थेत येतात. ते कटरने थोडे अंतर राखून कापावे, उरलेला खुंट चाकूने छाटावा आणि बारीक पॉलिश पेपरने घासून सपाट करावा. चिकटवण्यासाठी वापरले जाणारे द्रव्य हे नेहमीच्या अर्थाने डिंक नसून प्लास्टिक विरघळवणारे द्रावक असते. सांध्यावर ब्रशने टेकवताच ते फटीत आपोआप ओढले जाते आणि दोन्ही कडा वितळून एकजीव होतात. उरलेल्या फटी लांबी भरून, वाळल्यावर घासून बुजवतात. टायगरच्या बाबतीत खरी कसोटी चाकांची असते. प्रत्येक बाजूला आठ आस आणि प्रत्येक आसावर तीन चाके असून ती एकमेकांत गुंतलेली असतात, त्यामुळे आतल्या रांगेतील चाकांच्या रबरी कडा बसवण्यापूर्वीच रंगवून घ्याव्या लागतात. पट्ट्याची वरची बाजू उचलून धरणारी वेगळी लहान चाके या गाडीला नव्हती आणि पोलादी पट्टा स्वतःच्या वजनाने मोठ्या चाकांवर टेकून झुलत असे. प्रतिकृतीतील पट्टा ताठ राहिला तर बाकीचे काम कितीही नेटके असले तरी गाडी वजनहीन भासते.

रंगकामाचा आरंभ अस्तराने होतो, कारण त्यावर पुढचे हात पकड घेतात आणि घासण्यात राहिलेले दोषही त्यातच उघडे पडतात. त्यानंतर एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा अतिसूक्ष्म फवारा सोडणारी लेखणीएवढी बंदूक, वापरून मूळ रंगाचे पातळ हात दिले जातात. रंग कोणता, हा प्रश्न मात्र तंत्राचा नाही, इतिहासाचा आहे. गडद पिवळा रंग सर्व जर्मन वाहनांसाठी मूळ रंग ठरवणारा आदेश फेब्रुवारी १९४३ मध्ये निघाला, म्हणजे नेमका टायगर १३१ तयार होत असतानाच. आफ्रिकेसाठी निघालेली ही गाडी मात्र उष्ण प्रदेशासाठीच्या आधीच्या, पिवळट तपकिरी व करडसर छटांत रंगलेली होती. संग्रहालयाने अभ्यासाअंती २०१२ मध्ये तिचे पुन्हा रंगकाम केले, त्यामुळे त्याआधीच्या रंगीत छायाचित्रांवर विसंबून केलेल्या कित्येक प्रतिकृती आज शंकास्पद ठरतात. शिवाय अस्सल डब्यातील रंग जसाच्या तसा दिला तरी तो प्रतिकृतीवर अधिक काळपट दिसतो. दूरची वस्तू मधल्या हवेमुळे फिकट भासते आणि लहान प्रतिकृती ही दुरून पाहिलेल्या वाहनासारखी असल्याने रंगात थोडी फिकी छटा मिसळावी लागते.

पांढऱ्या कडेचे लाल आकडे पाण्यात भिजवून सरकवण्याच्या पातळ पापुद्र्यांच्या स्वरूपात मिळतात. त्यांच्याखाली हवा अडकून चकाकी येऊ नये म्हणून आधी गुळगुळीत, झिलईदार वार्निशचा हात देतात आणि ते बसल्यावर सर्वांवर निस्तेज वार्निश फिरवतात. मग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ केलेला गडद तैलरंग खाचाखोचांत सोडला की बोल्ट, जोड व झाकणांच्या कडा उठून दिसतात, आणि शेवटी कोरड्या रंगभुकटीने धूळ दाखवली जाते.

याच टप्प्यावर अनेक कुशल हात घसरतात. जागोजाग उडालेला रंग, गंजाचे ओघळ, काळवंडलेले कोपरे यांनी भरलेली प्रतिकृती प्रदर्शनात लक्ष वेधून घेते. परंतु कारखान्यातून निघाल्यावर दोन-तीन महिन्यांत शत्रूच्या हाती पडलेल्या, कोरड्या प्रदेशात लढलेल्या गाडीच्या जाड चिलखतावर असा गंज चढण्यास वेळ तरी कुठे होता? धुराड्याची तापणारी नळी आणि रंग न टिकणारे पट्टे गंजतात, चढउतार करण्याच्या जागा घासून चकाकतात, खालचा सांगाडा धुळीने माखतो. याहून अधिक जे दिसते ते बहुधा करणाऱ्याच्या आवडीतून आलेले असते. आवड म्हणून त्याला हरकत नाही, पण ते इतिहासाच्या नावावर खपवू नये.

खरा रणगाडा पाहण्यासाठी महाराष्ट्रातील वाचकाला बोव्हिंग्टन गाठण्याची गरज नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे भारतीय सेनेच्या चिलखती दलाचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. तेथे टायगर नाही. पण ज्या जातीच्या रणगाड्यांशी टायगर १३१ ची अखेरची लढत झाली तो चर्चिल तेथे उभा आहे. प्रतिकृती करू पाहणाऱ्याने एकदा त्याच्याजवळ जाऊन पत्र्यांची जाडी, जोडांची खडबडीत रेघ आणि पट्ट्याच्या कड्या डोळ्यांखालून घालाव्यात, आणि खोके त्यानंतरच उघडावे.