लिंबाची फोड आणि जबड्याखालची सूज

चिंचेचं सार किंवा लिंबाची फोड समोर आली की तोंडाला पाणी सुटतं. काहींना मात्र नेमक्या त्याच वेळी जबड्याखाली कळ येते आणि तिथे सूज टरारून वर येते. जेवणानंतर ती हळूहळू ओसरते, पुढच्या जेवणाला पुन्हा हजर! लाळेच्या नळीत खडा अडकल्याची ही ठळक खूण.

लाळग्रंथींच्या मोठ्या जोड्या तीन : कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. दहापैकी आठ खडे जबड्याखालच्या ग्रंथीत सापडतात. तिची नळी सुमारे ५ सेंटिमीटर लांब, लाळ दाट आणि वाट चढाची. साचलेल्या लाळेत कॅल्शियमचे थर बसत जातात.

तपासणी बहुधा सोनोग्राफीपासून सुरू होते. जेल लावून जबड्याखाली प्रोब फिरवला की पडद्यावर खड्याची पांढरी कड चमकते आणि तिच्यामागे काळी सावली पडते, कारण ध्वनिलहरी खड्यापलीकडे फारशा पोचत नाहीत. २ मिलिमीटरहून लहान खडा मात्र निसटू शकतो. अशा वेळी सीटी स्कॅन उपयोगी पडतो.

जेवणाशी देणंघेणं नसलेली, न दुखणारी गाठ ही वेगळी बाब. कानापुढच्या ग्रंथीतून चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस जाते. त्यामुळे गाठ किती खोल आहे हे शस्त्रक्रियेआधी एमआरआयवर पाहतात. बहुतेक गाठी साध्या निघतात; तरी सोनोग्राफीत बघत सुईने पेशी काढून खात्री करून घेतात.

पूर्वी भिस्त सायलोग्राफीवर होती. नळीच्या इवल्याशा तोंडातून आयोडीनयुक्त द्रव सोडायचा आणि एक्स-रे काढायचा. निरोगी ग्रंथीत नळ्यांचं जाळं पानं झडलेल्या झाडासारखं दिसतं. शोग्रेन आजारात, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथींवर उलटते तेव्हा, त्या झाडाला फळांसारखे ठिपके लगडतात. एमआर सायलोग्राफीत तर बाहेरचा द्रवही लागत नाही, नळीतली लाळच उजळून दिसते.

तोंड सतत कोरडं पडत असेल, तर ग्रंथी काम करते का, हेही पाहावं लागतं. त्यासाठी शिरेतून टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य देतात. ग्रंथी ते शोषून घेते आणि गॅमा कॅमेऱ्यात उजळते. मग रुग्णाला लिंबाचा रस चाखायला देतात. निरोगी ग्रंथी काही मिनिटांत रिकामी होऊन मंदावते. नळी तुंबली असेल, तर ग्रंथी तशीच उजळ राहते.