घरातले दोन कुत्रे भांडले आणि सोडवताना हात चावला गेला, तर काय करावे?

घरात दोन कुत्रे असले की कधी ना कधी ते एकमेकांवर गुरगुरतात. बहुतेक वेळा तेवढ्यावरच मिटते. पण खरे भांडण जुंपले की घरातले कोणीतरी धावत जाते, गळपट्टा धरायला हात घालते आणि दात त्याच हातात रुततात. भांडणाच्या भरात कुत्रा जे समोर येईल त्याला चावतो. तो हात रोज भाकर टाकणाऱ्या मालकाचा आहे, हे त्या क्षणी त्याला कळत नाही.

यानंतर घरात एक वाक्य हमखास ऐकू येते, "आपलाच कुत्रा आहे, काही होत नाही." या लेखाचा मुद्दा हाच आहे. आपल्या कुत्र्याने चावले तरी जखमेची काळजी आणि रेबीजची लस याबाबत तितकेच गंभीर राहायचे असते.

कुत्रे एकमेकांवर का तुटून पडतात?

नेहमीची कारणे अशी आहेत: खाण्याचे भांडे, बसायची जागा, मालकाचे लक्ष, नवीन आणलेले पिल्लू, माजावर आलेली कुत्री किंवा पिल्ले झालेली कुत्री. पावसाळ्याच्या शेवटी, भाद्रपदाच्या सुमारास, नर कुत्र्यांची भांडणे वाढतात हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

आतापर्यंत गुण्यागोविंदाने राहणारे कुत्रे अचानक भांडू लागले, तर आधी आजाराचा विचार करा. कान दुखणे, सांधे दुखणे, जुनी जखम, म्हातारपणी कमी झालेली नजर यामुळे कुत्रा चिडचिडा होतो. अशा वेळी त्याला मारून उपयोग नाही. पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवा.

भांडण चालू असताना

१. हात किंवा तोंड मध्ये नेऊ नका. गळपट्टा धरू नका.
२. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना आधी घरात न्या.
३. परात किंवा पातेले जोरात वाजवा, बादलीभर पाणी फेका, किंवा अंगावर जाड चादर टाका.
४. दोघांच्या मध्ये फळी, खुर्ची किंवा चटई सरकवा.
५. दात घट्ट रुतलेले असताना ओढाताण करू नका, त्याने जखम फाटते.
६. वेगळे झाले की दोघांना दोन खोल्यांत ठेवा. लगेच समोरासमोर आणू नका.

भांडलेल्या कुत्र्याच्या केसांवर आणि जखमांवर दुसऱ्याची लाळ असते. जखम धुताना हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी वापरा. तुमच्या हातावर आधीच ओरखडा असेल तर हे काम दुसऱ्याला करू द्या.

चावले तर पहिली १५ मिनिटे

वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पूर्ण १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण अंदाजाने धुतले तर दोन मिनिटांतच हात बाहेर येतो. साबण आणि पाण्याने जखमेतला विषाणू बऱ्याच प्रमाणात निघून जातो. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावा.

हळद, चुना, तिखट, तेल, पाला यातले काहीही जखमेत भरू नका. घट्ट पट्टी बांधू नका. मग त्याच दिवशी दवाखान्यात या. सुटीचा दिवस असला तरी उद्यावर ढकलू नका.

दवाखान्यात काय केले जाते?

डॉक्टर जखमेचा प्रकार ठरवतात.

पहिला प्रकार: धड कातडीवर कुत्र्याने चाटले. याला लस लागत नाही.

दुसरा प्रकार: रक्त न आलेला ओरखडा किंवा कातडीवर हलके चावणे. याला लस लागते.

तिसरा प्रकार: रक्त आलेली जखम, किंवा फाटलेल्या कातडीला अथवा तोंडा-डोळ्याच्या आतल्या भागाला लागलेली लाळ. याला लस आणि त्याबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिन लागते.

भांडण सोडवताना झालेली जखम बहुधा तिसऱ्या प्रकारात जाते. लसीमुळे शरीरात संरक्षण तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात. तोपर्यंत जखमेतल्या विषाणूला रोखण्यासाठी इम्युनोग्लोब्युलिन थेट जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. ते टाळू नका.

लस कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ या दिवशी, आणि दंडाच्या स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी देतात. पहिला डोस घेतला तो दिवस म्हणजे शून्य. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने देत असत, ती पद्धत कधीच बंद झाली आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही ही लस देता येते. तुम्ही आधी पूर्ण कोर्स घेतलेला असेल तर कागद दाखवा. साधारणपणे ० आणि ३ या दिवशी दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

धनुर्वाताचे इंजेक्शन वेगळे असते. ते घेतले म्हणजे रेबीजपासून संरक्षण मिळाले असे होत नाही. दातांनी झालेल्या जखमेला शक्यतो लगेच टाके घालत नाहीत, त्यासाठी आग्रह धरू नका.

भंडारा जिल्ह्यात जिल्हा सामान्य रुग्णालयात, तसेच तुमसर आणि साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात जाता येईल. लस जवळच्या शासकीय दवाखान्यात मिळत असली तरी इम्युनोग्लोब्युलिन तिथे आहे का, हे आधी विचारा. नसेल तर लसीचा पहिला डोस तिथेच घ्या आणि मोठ्या रुग्णालयात जा.

"पण कुत्र्याला लस दिलेली आहे"

चांगली गोष्ट आहे, धोका कमी होतो. तरीही शेवटचा डोस कधी दिला, कागद आहे का, हे प्रश्न उरतात. शेतावर राखण करणारा किंवा गावभर फिरणारा कुत्रा भटक्या कुत्र्याशी, जंगलालगतच्या गावात कोल्ह्याशीही झुंजून आलेला असू शकतो. म्हणून उपचार लगेच सुरू करायचे आणि पुढे काय करायचे ते कुत्र्याकडे पाहून ठरवायचे.

१० दिवस दोन्ही कुत्र्यांवर लक्ष ठेवा

भांडणात नेमका कोणता कुत्रा चावला हे पुष्कळदा सांगता येत नाही. म्हणून दोघांनाही वेगवेगळे बांधून १० दिवस लक्ष ठेवा. कुत्र्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असेल, तर या काळात तो आजारी पडतो आणि मरतो. दोघेही १० दिवसांनंतर ठणठणीत असतील तर डॉक्टरांना सांगा, ते पुढच्या डोसांत बदल करू शकतात. स्वतःच्या मनाने कोर्स थांबवू नका.

रागाच्या भरात कुत्र्याला मारून टाकणे किंवा लांब रानात सोडून येणे, हे सर्वात वाईट. त्याने तुमच्या उपचारासाठी लागणारी माहितीच हातातून जाते आणि तो कुत्रा दुसऱ्या कोणाला चावू शकतो.

लाळ गळणे, आवाज बदलणे, खालचा जबडा लोंबणे, झोकांड्या देणे, काठी-दगड-माती चावत सुटणे, अशी लक्षणे दिसली तर जवळ जाऊ नका. कुत्र्याला कोंडून ठेवा, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा आणि तुमच्या डॉक्टरांनाही सांगा.

माणसात रेबीजची लक्षणे बहुधा एक ते तीन महिन्यांनी दिसतात, आणि दिसली की जीव वाचणे जवळजवळ अशक्य असते. जखम भरून आली म्हणजे धोका टळला असे समजू नका. उशीर झाला असेल तरी आज जा.

या खुणा दिसल्या तर पुन्हा लगेच दाखवा

- हात सुजणे, लाल होणे, ठणकणे, पू येणे
- बोट वाकवताना किंवा मूठ मिटताना दुखणे
- ताप किंवा थंडी वाजणे

हाताची जखम वरून लहान दिसते, पण दात शिरेपर्यंत किंवा सांध्यापर्यंत गेलेला असू शकतो. मधुमेह असलेल्यांनी आणि प्लीहा काढलेल्यांनी विशेष जपावे.

पुढचे भांडण टाळण्यासाठी

दोघांना वेगवेगळ्या जागी जेवायला द्या आणि भांडी लगेच उचला. अंग ताठ करून टक लावणे, ओठ वर करणे, गुरगुरणे ही आधीची सूचना असते. तेव्हाच दोघांना लांब करा. गुरगुरण्याबद्दल मारू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सूचना न देताच चावेल. नसबंदीबद्दल पशुवैद्यकीय डॉक्टरांशी बोला. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्या, पुढचे डोस ते सांगतील तसे, साधारण दरवर्षी. गोव्यात कुत्र्यांचे मोठ्या प्रमाणात लसीकरण झाल्यावर माणसांमधले रेबीजचे मृत्यू खूप घटले.

इतके करूनही रक्त येईपर्यंत भांडणे होत राहिली आणि घरात लहान मूल असेल, तर एका कुत्र्यासाठी ओळखीचे, चांगले दुसरे घर शोधणे हा योग्य निर्णय आहे. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही. फक्त आधी ते १० दिवस पूर्ण होऊ द्या.