सक्तीची समता आणि माणसाचे वेगळेपण
समाज आणि व्यक्ती : लेखांक सातवा

गेल्या आठवड्याच्या लेखांकात आगरकरांच्या व्यक्तिस्वातंत्र्यविषयक विचारांचा परामर्श घेताना, १८८८ साली ‘सुधारक’ काढून रूढीच्या जुलमाविरुद्ध उभ्या ठाकलेल्या त्या निर्भय पुरुषाने व्यक्तीच्या विवेकाला केवढे श्रेष्ठ स्थान दिले, हे आपण पाहिले. त्या विवेचनाच्या ओघात एक आक्षेप अनुत्तरित राहिला होता, आणि तो इतका गंभीर आहे की त्याला स्वतंत्र लेखांक देणेच इष्ट. आक्षेप असा : समता जोवर माणसांच्या अंतःकरणातून उपजते तोवर ती वंदनीय खरी, परंतु राज्यसत्ता जेव्हा कायद्याच्या बळावर ती लादू पाहते, तेव्हा सर्वांना एका पातळीवर आणण्याच्या भरात व्यक्तीचे वेगळेपण आणि समाजाची विविधता यांचाच बळी जात नाही काय? विशेषाधिकार गमावण्याच्या भीतीपोटीच कोणी असे विचारतो, असे मानणे अन्यायाचे होईल. कारण स्त्री-पुरुषसमतेचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्या जॉन स्टुअर्ट मिलनेही १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात, माणसांना एकसारखे करू पाहणाऱ्या सामाजिक दडपणाविषयी हीच चिंता व्यक्त केली आहे.

तथापि अशा प्रश्नाचा निवाडा निव्वळ तत्त्वांच्या आधारे होत नाही. कोणती समता, कोणी, कोणावर आणि कशासाठी लादली, हे एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष तपासल्यावाचून त्याचे उत्तर हाती लागत नाही. यास्तव या लेखांकापुरते आपण पांढरकवड्याचा टापू समोर ठेवू.

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावरचे हे गाव म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. तालुक्याला नाव जगदंबेच्या केळापूरचे, पण तहसील, आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी आणि कापसाचा बाजार हे सारे पांढरकवड्यास. काळ्या जमिनीत पऱ्हाटी आणि तूर, टेकड्यांवर सागाचे जंगल, दक्षिणेस पैनगंगा आणि तिच्या पलीकडे आदिलाबादचा मुलूख, अशा या प्रदेशात गोंड, परधान आणि कोलाम या जमाती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत. त्यांतील कोलामांची वस्ती मुख्य गावापासून अंतर राखून असते. तिला पोड म्हणतात. कुडाच्या भिंतींची घरे, वस्तीची चावडी, तंटाबखेडा मिटविणारा नाईक आणि बांबूच्या टोपल्या विणण्यात निष्णात असलेले हात, ही पोडाची ओळख. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींची गणना शासनाने आदिम म्हणून केली आहे त्यांत, कातकरी आणि माडिया गोंड यांच्या जोडीने, कोलाम येतात. बाहेरच्या दृष्टीला ज्याला समाजाची विविधता म्हणता येईल ती येथे मूर्तिमंत आहे. म्हणून सक्तीच्या समतेने तिचे काय केले, हे पाहण्यास याहून योग्य स्थळ मिळणे कठीण.

पहिला दाखला जमिनीचा. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, यथाकाल मोजणी व जमाबंदी झाली, आणि गहाण टाकता येईल, विकता येईल, कर्जापोटी जप्त होऊ शकेल अशी मालमत्ता हे जमिनीचे स्वरूप पक्के झाले. कायदा सर्वांना एकच होता. सावकाराला जो स्टँपाचा कागद, जे दिवाणी न्यायालय आणि जी मुदत, तीच कोलामालाही. कागदोपत्री याहून निर्भेळ समता शोधून सापडणार नाही. परंतु एका पक्षाला दस्तऐवजाचा प्रत्येक शब्द उमगत होता आणि दुसऱ्याला त्याखाली अंगठा उठविण्यापलीकडे गती नव्हती. एकाजवळ भाव चढेपर्यंत कापूस घरात ठेवण्याची ऐपत होती, तर दुसऱ्याला मृग लागताच बियाण्यासाठी पहिल्याच्याच दाराशी उभे राहणे प्राप्त होते. अशा दोघांना एकाच काट्यात तोलणाऱ्या कायद्याखाली गहाणखताचे खरेदीखत होण्यास आणि फेरफाराच्या नोंदीत मूळ मालकाचे नाव कमी होण्यास वेळ लागला नाही. जमीन गेली की माणूस मजुरीच्या मागे जातो, माणसे पांगली की चावडी ओस पडते, आणि जी भाषा, जे सण, जी न्यायपद्धती त्या चावडीच्या आधाराने जगत होती तिचाही क्षय सुरू होतो. विविधतेचा हा घात समता लादल्यामुळे झालेला नाही. बलवान आणि दुर्बल यांना सारखेच लेखून स्वस्थ बसणाऱ्या राज्याच्या उदासीनतेमुळे तो झाला आहे.

ही उदासीनता राज्याने सोडली तेव्हा काय घडले, तेही पाहू. १९७४ साली महाराष्ट्राने जमीन महसूल संहितेत ३६-अ हे कलम घालून, आदिवासीची जमीन सरकारी पूर्वपरवानगीवाचून बिगर-आदिवासीच्या नावे होण्यास मज्जाव केला. आणि त्याच सुमारास केलेल्या दुसऱ्या कायद्याने, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या कालावधीत अशा रीतीने गेलेल्या जमिनी मूळ आदिवासी मालकांस परत देण्याची तजवीज केली. ही सक्ती होती यात शंका नाही. या तरतुदींच्या घटनात्मक वैधतेला आव्हान दिले गेले, आणि १९८४ साली लिंगप्पा पोचन्ना यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वितरणात्मक न्यायाच्या भूमिकेवरून त्या ग्राह्य ठरविल्या. या सक्तीची किंमत कोलामालाही मोजावी लागते, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. त्याच्या जमिनीला खुल्या बाजारातील गिऱ्हाईक मिळत नाही, आणि अडीअडचणीला ती विकण्याची मुभाही त्याला राहत नाही. परंतु जेथे सातबाऱ्यावर नाव टिकले तेथे पोडाचा आधारही टिकला. कोलामाने कसे राहावे, काय ल्यावे, कोणत्या देवाला नवस बोलावा याविषयी या कायद्यात अवाक्षर नाही. त्याच्या पायाखालची जमीन शाबूत ठेवून, तिच्यावर कसे जगायचे हे कायद्याने त्याच्यावरच सोपविले आहे.

दुसरा दाखला शाळेचा, आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे. आदिवासी मुलांना गावातील सधनाच्या मुलाइतकेच शिक्षण मिळावे या उदात्त हेतूने राज्याने आश्रमशाळा काढल्या. निवास, भोजन, पुस्तके आणि गणवेश यांचा भार सरकारी खजिन्याने उचलला. आणि ज्या घरांत अक्षर कधी शिरले नव्हते त्यांतून पहिली शिकलेली पिढी घडविण्यात या शाळांचा वाटा फार मोठा आहे. हे ऋण विसरून केलेली टीका कृतघ्नपणाची होईल. पण वर्गात क्षणभर डोकावून पाहा. पोडातून आलेल्या सहा वर्षांच्या मुलापुढे गुरुजी पाण्याचा पेला धरून ‘हे काय?’ असे विचारतात. मुलाच्या ओठांवर ‘ईर’ हा घरचा शब्द येतो आणि तेथेच थिजतो, कारण उत्तर ‘पाणी’ असे हवे आहे. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. तिच्यात एका पुरुषासाठी क्रियापदाचे एक रूप, तर स्त्री, जनावर आणि निर्जीव वस्तू या सर्वांसाठी दुसरे. मराठीची तीन लिंगे त्या मुलावर एकदम येऊन कोसळतात, आणि ‘बहीण आलं’ असे त्याच्या हातून लिहून गेले की त्यावर तांबडी रेघ ओढली जाते. ती चूक त्याच्या आईच्या भाषेच्या नियमाला धरून झाली आहे, हे सांगणारे वर्गात कोणी नसते. त्याच्या वाट्याला येतो तो मठ्ठपणाचा शिक्का.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील कोलामांची संख्या १ लाख ९४ हजारांच्या घरात नोंदली गेली, आणि कोलामी ही मातृभाषा सांगणारे मात्र साऱ्या देशात मिळून १ लाख २८ हजारांच्या आसपास भरले. पैनगंगेपलीकडचे कोलाम हिशेबात धरले म्हणजे ही तफावत आणखी रुंदावते. हा ऱ्हास एकट्या शाळेने केला असे म्हणता येणार नाही. मजुरी, स्थलांतर आणि बाजार यांचाही त्यात हात आहे. परंतु मुलाला आपल्या बोलीची लाज वाटावयास लावणारी शाळा त्या ऱ्हासाला हातभार लावते, हे निश्चित.

तर मग आक्षेपकाचे म्हणणे येथे खरे ठरले काय? माझ्या मते नाही. मुलाने आपली बोली टाकावी, ही मागणी समतेच्या तत्त्वाने केलेलीच नव्हती. उलट, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे १९५६ साली घटनेत समाविष्ट झालेले ३५०-अ हे कलम सांगते, आणि शिक्षणहक्काचा २००९ चा कायदाही शक्य तेथवर मातृभाषेचाच पुरस्कार करतो. एकच पाठ्यपुस्तक, एकच वेळापत्रक आणि तपासणीस सोपे असे एकच कोष्टक, ही निकड कारभाराच्या सोयीची आहे. ती समतेच्या नावावर खपविली जाते इतकेच. वेगळा मार्ग अशक्य नव्हता, याचा पुरावा पैनगंगेच्या पलीकडेच आहे. १९४० साली कोमराम भीमच्या उठावाने निजामाचा दरबार हादरल्यानंतर मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ त्या भागात गेले, आणि १९४३ पासून मारलवाई येथे गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार करून, गोंडी भाषेची क्रमिक पुस्तके नागरी लिपीत काढून शाळा चालविल्या गेल्या. याच्या उलट टोकाचे चित्र कॅनडात दिसले : तेथील मूळ रहिवाशांच्या मुलांना निवासी शाळांत डांबून त्यांच्या भाषांना बंदी घालण्यात आली, आणि २००८ साली त्या देशाच्या पंतप्रधानांना संसदेत त्याबद्दल क्षमायाचना करावी लागली.

येथे दुसऱ्या बाजूचा धोकाही ओळखला पाहिजे. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ मध्ये बैगांविषयी लिहिताना आदिवासींसाठी संरक्षित प्रदेशाची कल्पना मांडली, आणि १९४३ साली पुण्याच्या गोखले संस्थेने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गो. स. घुर्ये यांनी त्या अलगपणाच्या विचारावर कठोर टीका केली. घुर्यांचा विलीनीकरणाचा आग्रह मला मान्य नाही; परंतु जमातीला जपून ठेवण्याच्या उत्साहात जमातीतील माणूस विसरला जातो, ही शंका त्या वादातून उरतेच. पोडातील एखाद्या मुलीला डॉक्टर व्हावेसे वाटले, नागपुरात बिऱ्हाड करावेसे वाटले, किंवा नाईकाचा निवाडा आपल्यावर अन्याय करतो असे वाटले, तर तिला ‘तुझ्या संस्कृतीचे काय होईल’ असे बजावण्याचा अधिकार कोणालाही नाही. समूहाची विविधता आणि व्यक्तीचे वेगळेपण या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीच्या रक्षणासाठी दुसरीला वेठीस धरणे हीदेखील सक्तीच, आणि तीही दुर्बलावरची.

या दोन दाखल्यांवरून मला जी कसोटी हाती लागते ती अशी : सक्तीचा भार कोणावर पडतो ते पाहावे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव संमत होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, महाडच्या नगरपालिकेनेही तो स्वीकारला. तरीही चवदार तळ्याचे पाणी प्रत्यक्ष ओंजळीत घेण्यासाठी १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. अंतःकरणातून उपजणाऱ्या समतेची वाट पाहत बसणे म्हणजे काय, हे त्या मधल्या वर्षांनी दाखवून दिले. तेथे जी सक्ती हवी होती ती अडविणाऱ्यांवर. पाणी पिणाऱ्याने कसे वागावे, काय बनावे, याचा तिच्याशी संबंध नव्हता. १९७४ च्या जमिनीच्या कायद्यातही मुख्य बंधन आहे ते खरेदी करण्याची ताकद असलेल्यावर. आश्रमशाळेच्या वर्गात मात्र सारी सक्ती सहा वर्षांच्या मुलावर येऊन पडते, आणि व्यवस्था जशीच्या तशी राहते. पहिल्या प्रकारच्या सक्तीने माणसाला स्वतःसारखे होण्यास अवकाश मिळतो. दुसऱ्या प्रकारची सक्ती तो हिरावून घेते. जन्माबरोबर धंदा, पाणवठा आणि पंगतीतील जागा ठरवून टाकणाऱ्या विषमतेने जितक्या व्यक्तिमत्त्वांचा कोंडमारा केला तितका कोणत्याही समतेच्या कायद्याने केलेला नाही, हे समतेला भिणाऱ्यांनी शांतपणे विचारात घ्यावे.

म्हणून समतेची सक्ती सैल करा, अशी मागणी मी करणार नाही. तिचा रोख बदला, अशी करीन. पांढरकवड्याच्या परिसरातील प्रत्येक आश्रमशाळेच्या पहिल्या दोन इयत्तांत कोलामी वा गोंडी जाणणारा एक तरी शिक्षक असणे बंधनकारक करावे, आणि त्याच्या नेमणुकीची जबाबदारी शासनावर टाकावी. मुलाने शाळेसारखे व्हावे ही सक्ती आजवर पुष्कळ झाली. शाळेने मुलाची भाषा शिकावी, ही सक्ती आता व्हावयास हवी.

पुढील लेखांकात : राखीव जागा आणि गुणवत्ता यांच्या वादातील गृहीतके.